‘कीप’चे मधले अर्थ

१

“पाठीला उशी घ्या म्हणून शंभरदा सांगितलं असेल. पण नाही. बसणार आपले खुंटासारखे, आणि घरी आले की ‘चोळ गं जरा’. मी काय मालिशवाली आहे?”

ही कुरकुर डॉक्टरीणबाईंच्या कानाला अगदी लागून चालली होती. खोलीच एवढीशी होती की दोघींनी उभं राहायचं तर एकीला दुसरीच्या खांद्यावर श्वास सोडावा लागत होता. कुरकुरत होत्या त्या मामी. आणि ज्यांच्यावर कुरकुरत होत्या ते मामा समोरच्या खुर्चीत, टाइपरायटरवर दोन्ही हात ठेवून, मरून बसले होते.

मामींचा सूर मात्र जिवंत माणसावर चिडल्यासारखा होता. तो सुटला की रडू येणार, हे त्यांना ठाऊक असावं.

डॉक्टरीणबाईंनी मामांचा जबडा चाचपला. ताठ. मान ताठ. कोपरही वळायला कुरकुरत होतं. त्यांनी बोटं मागे घेतली.

“मघापर्यंत तर कार्डं येत होती,” दारातून ताई म्हणाल्या. ताई म्हणजे मामांची थोरली बहीण, आणि इथे जो कोश चालला होता त्याच्या कर्त्या-करवित्या. “चहाच्या जरा आधीपर्यंत. बसल्या बसल्या गेला. त्याला कळलंसुद्धा नसेल.”

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा दिवा मामांच्या चेहऱ्याकडे कलवला. डावा गाल, डावा कान, मानेची डावी बाजू, सगळं शाई सांडल्यासारखं जांभळं. गालाच्या हाडावर तेवढा एक पांढरा डाग, जिथे काहीतरी कठीण दाबून राहिलं होतं. बाही वर केली. डावा दंड तसाच.

रक्ताचं पाण्यासारखंच असतं. माणूस गेला की ते उताराला लागतं. खुर्चीत गेलेल्या माणसाचं रक्त पायांत उतरतं, गालात नाही. म्हणजे हा माणूस डाव्या कुशीवर, फरशीवर गेला होता, जेवणाच्या सुट्टीच्याही आधी, आणि बराच वेळ तसाच पडून होता. मग कुणीतरी त्याला उचललं. खुर्चीत बसवलं. बोटं कळांवर नीट मांडली.

मग चहापर्यंत कार्डं कोण टाइप करत होतं?

दाखल्यासाठी काढलेल्या पेनाला डॉक्टरीणबाईंनी टोपण लावलं.

“काय झालं?” ताईंनी लगेच विचारलं.

“काही नाही. शाई संपली.”

“डॉक्टर,” मामींनी त्यांचा दंड धरला. कुरकुरीचा सूर एकदम गेला होता. “एवढंच सांगा. ह्यांनी कुणाला हाक मारली होती का हो?”

दारात तिघं उभे होते. ताई, ताईंची सून, आणि ज्याला सगळे चष्मिस म्हणत तो मदतनीस संपादक. तिघांनी एकाच वेळी खाली पाहिलं, आणि तिघांची नजर दारालगतच्या एकाच फरशीवर गेली.

२

खाली छापखाना, वर हा कोशाचा मजला. बाहेर लांबट दिवाणखाना, त्यात दोन टेबलं. आत मामांची ही कोंदट खोली, तिला आंधळी खोली म्हणत. इंग्रजी शब्दाचे स्पॅनिश आणि मराठी अर्थ देणारा कोश गेली कित्येक वर्षं इथे शिजत होता, आणि डाळ काही शिजत नव्हती, कारण ताईंना कच्चं काही चालत नसे.

या आठवड्याचा शब्द होता ‘कीप’. दिसायला बोटभर, अर्थ काढायला बसावं तर हातभर. आपल्यापाशी ठेवणे, जपून ठेवणे, शब्द पाळणे, कोंबड्या पाळणे, करत राहणे, अडवून धरणे, गप्प राहणे, नासल्याशिवाय टिकणे, माणसाचा पोटापाण्याचा खर्च, आणि सगळ्यात शेवटी जुन्या गढीतला तो मधला बुरूज, जिथे शत्रू आत आला की घरातली माणसं कोंडून घेतात.

ताईंची पद्धत अशी. सून प्रत्येक अर्थ एकेका मराठी वाक्यात लिहून, आकडा घालून, सगळी वाक्यं सकाळीच भिंतीतल्या झरोक्यातून आत सरकवायची. आत मामा प्रत्येकाला स्पॅनिश शब्द शोधून कार्डावर टाइप करायचे आणि बाहेर सरकवायचे. टाइपच करायचं, कारण अक्षरावरून माणूस किती ठाम आहे हे कळतं. बाहेर चष्मिस फक्त ते स्पॅनिश वाचून परत मराठी करायचा. मूळचं आणि परतीचं जुळलं तर अर्थ पक्का. आतल्याला बाहेरचं दिसता कामा नये, बाहेरच्याने आत बोलता कामा नये.

डॉक्टरीणबाईंचं लक्ष दाराकडे गेलं. कडी बाहेरून होती.

“बाहेरून?”

“तो उठून यायचा हो,” ताई म्हणाल्या. “ह्या चष्मिसच्या खांद्यावरून डोकवायचा. वर्गात कॉपी करणारी मुलं असतात ना, अगदी तसा. मग कडी घालायला लागलो. पाणी, फ्लास्क, सगळं आत देऊन.”

“आणि आतून काही विचारलं तर?”

“उत्तर द्यायचं नाही. पेपर फुटतो तसा अर्थ फुटतो. नुसत्या हुंकारानेही फुटतो.” ताई शांतपणे म्हणाल्या. “कडक वाटेल तुम्हाला. पण नियम म्हणजे नियम.”

त्या हे बोलत असताना चष्मिस जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला होता. तसाच कदाचित. वाऱ्याला. पण खाली जायला दुसरा जिना नव्हता, आणि खालचा छापखाना आज लवकर थांबला होता. यंत्रांचा आवाज बंद झाला की एखादी जागा किती मोठी वाटते, हे डॉक्टरीणबाईंना तेव्हा कळलं. या मजल्यावर कुणीतरी दुपारभर प्रेताशेजारी बसून टाइप करत होतं. आणि ते कुणीतरी आता आपल्याला चहा विचारत होतं.

पोलिसांना एक फोन केला की आपण मोकळ्या, हे त्यांना कळत होतं. पण मामी बाकावर पदराचं टोक पिळत बसल्या होत्या, आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर पोलिसांच्या कागदात कधीच येणार नव्हतं.

“चहा घेईन,” त्या म्हणाल्या. “साखर कमी.”

३

“मामांचं काय सांगू,” चष्मिस जिन्याच्या कठड्याला टेकून चष्मा पुसत होता. चष्मा स्वच्छ होता. “मला स्पॅनिश त्यांनीच शिकवलं. जहाजावर तारायंत्र चालवायचे ते तरुणपणी, कुठकुठल्या बंदरांतली भाषा. शिव्या आधी शिकवल्या. म्हणाले, पाया पक्का पाहिजे.”

“तब्येत?”

“ठणठणीत. म्हणजे, तसे मामा आठवड्यातून एकदा तरी मरायचे.”

“म्हणजे?”

तो बोलून फसला होता. चष्मा पुसणं थांबलं. “म्हणजे गंमत हो. आत अडले की ओरडायचे. ‘मेलो, मेलो, चहा पाठवा.’ ‘ताई, श्वास अडकला, एक इशारा दे.’ कडी काढावी म्हणून. एकदा ताईंनी खरंच घाबरून दार उघडलं, तर हे बाहेर येऊन माझं कार्ड वाचून गेले. तेव्हापासून...”

“तेव्हापासून काय?”

“काही नाही.”

“आज ओरडले होते?”

“मी जेवणानंतर खाली छापखान्यात होतो. मुद्रितं बघत.”

“मी जेवणानंतरचं विचारलंच नाही.”

त्याच्या हातून चष्म्याचा फडका पडला. तो उचलायला वाकला आणि अर्ध्यात कण्हून कमरेला हात लावून तसाच थांबला. पस्तिशीतला माणूस. डॉक्टरीणबाईंनी फडका उचलून दिला. कंबर कशाने धरली ते त्यांनी विचारलं नाही. मामा चांगले भरदार होते, आणि फरशीवरून भरदार माणूस उचलणं हे एकट्याच्या कमरेचं काम नव्हतं. फरफटल्याच्या खुणा त्या खोलीत नव्हत्या.

म्हणजे उचलणारे दोघं होते.

त्या आत वळल्या. पाठीमागे त्याची पावलं हलली, थांबली. त्यांनी मागे पाहिलं नाही.

४

मामी अजून बाकावरच होत्या. डॉक्टरीणबाई शेजारी टेकल्या. समोर टेबलावर लाकडी ट्रे होता, त्यात आजची कार्डं आकड्यांप्रमाणे ओळीने लावलेली.

“हे आजचं त्यांचं काम?”

“असेल. मला काय कळतंय त्यातलं. मी ह्यांना न्यायला आले होते, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. वन्संनी कडी काढली, आणि...” मामी थांबल्या. मग पुन्हा तोच आधार शोधला, कुरकुरीचा. “सगळं मेलं उलटंच ह्यांचं. वर्तमानपत्र मागच्या पानापासून. जेवायला बसले की आधी गोड. आणि हे शब्दांचंसुद्धा शेपटीकडून. मला म्हणायचे, अगं, पहिला अर्थ सगळ्यात अवघड असतो, तो सगळ्यांना येतो ना, म्हणून. तो संध्याकाळी. आधी शेवटचा, कुणी न विचारणारा. त्याला कुणीतरी आधी विचारायला नको का?”

डॉक्टरीणबाईंनी ट्रेकडे पाहिलं. मग उठून जवळून पाहिलं.

शेवटचा अर्थ, गढीतला बुरूज: ‘तोर्रे देल ओमेनाहे’. झालेला. पोटापाण्याचा खर्च: ‘सुस्तेन्तो’. झालेला. टिकणे: झालेला. मग मोकळी जागा. गप्प राहणे नाही, अडवून धरणे नाही, करत राहणे नाही. आणि त्यापलीकडे पुन्हा कार्डं: कोंबड्या पाळणे, शब्द पाळणे, जपून ठेवणे, आपल्यापाशी ठेवणे. सगळी झालेली.

एक माणूस शेपटीकडून निघाला तर तो डोक्यापर्यंत पोचतो, नाही तर वाटेत थांबतो. मधलं सोडून डोक्यावर उडी मारत नाही. इथे दोन टोकांकडून दोन माणसं निघाली होती.

“नेहमी असंच?” त्यांनी शक्य तेवढ्या हलक्या आवाजात विचारलं. “शेपटीकडून? मोडला नाही कधी हा नेम?”

“लग्नातसुद्धा सही आधी केली आणि नाव मग लिहिलं,” मामी म्हणाल्या आणि पहिल्यांदा रडल्या.

५

सून चहा करत होती. आधण उकळून उकळून अर्धं झालं होतं, तिचं लक्ष नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी गॅस बंद केला.

“झरोक्यापाशी तू बसतेस ना?”

मान हलली.

“कार्डं आकड्यांनी लावून त्या चष्मिसला तू देतेस. म्हणजे मामा उलटे चालतात हे त्याला कधी दिसतच नाही. त्याच्या हातात येतात ती सरळ लागलेली. तुला मात्र दिसतं.”

तिने कपबशीची कड घट्ट धरली.

“जेवणानंतर पहिलं कार्ड कुठलं आलं?”

“मला सासूबाईंनी खाली पाठवलं होतं,” ती पुटपुटली. “प्रतींचे गठ्ठे मोजायला. वर आले तर आतून टाइपचा आवाज येत होता. मी... डॉक्टर, मी हसले. मोठ्याने हसले. म्हटलं, चला, आहेत. नाटकच होतं. मी झरोक्यापाशी बसले, आणि झडप उचलून कार्ड बाहेर आलं.”

“कुठलं?”

“एक नंबरचं.”

खिडकीबाहेर उन्हं उतरत होती. सून भिंतीकडे बघत बोलत होती, जणू झरोका तिथेच होता.

“मामा एक नंबर कधी... मी वाट बघितली. मग दोन नंबर आलं. मग तीन. नीट, ओळीने. झडपेखाली बोटांची टोकं दिसायची नुसती, लगेच आत जायची. आत कोण आहे कळेना. विचारायचं तर नियम. आणि विचारलं आणि आतून त्यांच्याऐवजी दुसऱ्याच कुणाचं उत्तर आलं तर? सासूबाई समोर बसून शांतपणे काम करत होत्या. त्यांच्याकडे बघायची भीती वाटत होती, झडपेकडे बघायची भीती वाटत होती. मी कार्डं लावत राहिले. चहा करायला मला मागच्या ओट्याशी पाठवलं, परत आले तर आवाज बंद. आणि चष्मिस जिन्यातून वर येतोय. पावलांचा आवाज नाही, नुसता वर येतोय.”

“सासूबाईंना काही बोललीस?”

“काय बोलू? घरातच राहायचंय मला.”

“‘नाटकच होतं’ म्हणालीस. कसलं नाटक?”

सुनेने कपबशी खाली ठेवली. दारात ताई उभ्या होत्या.

“चहा आणा बाहेर,” ताई म्हणाल्या. “सगळे एकत्रच घेऊ.”

६

कुणीच कपाला हात लावला नाही. चष्मिस जिन्याच्या तोंडाशी, सून ट्रेपाशी, ताई आपल्या खुर्चीत, मामी बाकावर. डॉक्टरीणबाईंनी बसताना जिन्यापासून आपल्यापर्यंतचं अंतर नजरेने मोजलं, मग स्वतःचाच राग आला आणि त्या बोलायला लागल्या.

“मामा खुर्चीत गेले नाहीत. दाराशी फरशीवर गेले, सकाळीच. जेवणाच्या सुट्टीत दोघांनी त्यांना उचलून बसवलं. त्यातला एक आत राहिला आणि टाइप करत बसला. तो स्पॅनिश जाणणारा होता आणि मामा उलटे चालतात हे न जाणणारा होता. असा या मजल्यावर एकच माणूस आहे.” त्यांनी चष्मिसकडे पाहिलं. “सुनेला यातलं काही माहीत नव्हतं, नाहीतर तिने तुम्हाला एक नंबरपासून सुरू करू दिलं नसतं. तेव्हा दुसरे हात राहतात ते तुमचे, ताई.”

चष्मिस मटकन पायरीवर बसला. चष्मा काढला तेव्हा त्याचा चेहरा फार लहान दिसला.

“मारलं नाही हो आम्ही,” तो म्हणाला. “सूनबाई खाली गठ्ठे मोजत होती, तेव्हा जेवायला बोलवायला ताईंनी कडी काढली. दार ढकललं तर उघडेना. ते पलीकडून दाराला टेकूनच पडले होते. गार. ताई म्हणाल्या, सूनबाईला कळता कामा नये. तिनेच सकाळी कडी घातली होती ना. म्हणाल्या, त्याला चहापर्यंत जिवंत राहू दे. मग बसल्या बसल्या गेला म्हणू. तिच्या जन्माला डाग नको, आणि मामींनाही... सुखाने गेला असं वाटेल. मी आत बसलो. ते शेजारी. मला वाटत होतं, मी चुकीचा शब्द टाइप केला तर बोलतील.”

“म्हणजे माझ्यासाठी?” सून म्हणाली. आवाज कुठून येतोय ते तिलाच कळत नसावं. “माझ्यासाठी केलंत तुम्ही? आणि मला वाटत होतं की...” ती मामींकडे वळली. “मामी, कडी मीच घातली होती. माझ्यामुळेच झालं.”

मामींनी तिच्याकडे पाहिलं, पण त्या रागावल्या नाहीत. त्यांचा प्रश्न अजून तिथेच होता, खोलीच्या मधोमध, न उचलल्या गेलेल्या कपांसारखा.

“कडी रोजचीच गं,” त्या म्हणाल्या. “कडीचं मी विचारत नाहीये. डॉक्टर, तुम्ही तरी सांगा. झटकन गेले असतील ना? हाक मारायला वेळच मिळाला नसेल. असं असतं ना?”

डॉक्टरीणबाईंनी पेन काढलं. ‘हो’ हा एक शब्द. आयुष्यात किती बायकांना त्यांनी तो दिला होता, आणि रात्री त्यांना झोपही लागली होती. मामांच्या उजव्या हाताच्या नखांत दाराच्या रंगाच्या कपच्या होत्या, हे फक्त त्यांनी पाहिलं होतं. ते न सांगता भागण्यासारखं होतं.

“मामी,” त्या म्हणाल्या, “असं बघा...”

“थांबा,” ताई म्हणाल्या.

त्या उठल्या नाहीत. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होते, आणि ते थरथरत नव्हते, हेच बघवत नव्हतं.

“सुनेसाठी केलं असं मी ह्याला सांगितलं. ह्याने मानलं. चांगला मुलगा आहे.” त्या भावजयीकडे बघत होत्या, इतर कुणी खोलीत नसल्यासारख्या. “पण सकाळी ही सूनबाई उठली होती. हिचा हात कडीपर्यंत गेला होता. मी हिचं मनगट धरलं. म्हटलं, बस खाली, नाटकं करतोय, आज अर्थ फुटू द्यायचा नाही. ही माझ्या धाकाने बसली. हा माझ्या धाकाने मान खाली घालून बसला. आतून दार वाजत होतं आणि मी कार्डं तपासत होते.”

“वन्सं...”

“अगं, हाक मारली त्याने. तुला नाही, मला. ‘ताई, खरंच गं,’ म्हणाला. परत परत म्हणाला. मी ऐकलं.”